शाळेच्या लॅबसाठीच्या लिनक्समध्ये फाइल उतरवायला कोणती लायब्ररी घ्यावी: लिबकर्ल, लिबफेच, लिबडब्ल्यूगेट की लिबआरिया२?

शहापूर_शेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या शाळांच्या लॅबसाठी एक छोटी मुक्त-स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बांधणं चाललंय. गाभा बिल्डरूटने (छोटं लिनक्स बांधायचं साधन) बांधलेला, सी लायब्ररी मसल, खाली बिझीबॉक्स (छोट्या कमांडांचा एकत्र संच), वर हलका डेस्कटॉप. भाषा मराठी आणि कन्नड दोन्ही. अपडेटर आमचाच, सी मध्ये लिहिलेला, परवाना जीपीएल २ 'फक्त', म्हणजे पुढच्या आवृत्त्या नाहीत.

परिस्थिती अशी:

एका लॅबमध्ये साधारण २० यंत्रं. २ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. अपडेटचा गठ्ठा ३८० एमबीचा. कुठे ४० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, तर कुठे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात करंट दिवसातून चार वेळा जातो, तेव्हा निम्म्यावर तुटणं हे नेहमीचंच धरायचं.

सध्या अपडेटर बिझीबॉक्सचा डब्ल्यूगेट (फाइल उतरवायची कमांड) शेलमधून हाकतो. त्यातून दोन भानगडी झाल्या. तुटलं की पुन्हा शून्यापासून सुरू. आणि हॉटस्पॉटचा डेटा संपल्यावर 'रिचार्ज करा' असं सांगणारं वेबपान गठ्ठा म्हणून साठवलं गेलं. लिबकर्ल लावून चाचणी घेतली, तर २० पैकी तीन यंत्रांवर एरर ६०. त्याच नेटवर बाकीची १७ सुरळीत.

लायब्ररी कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर काय काय बदलावं? पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहूया, कोडात अर्थातच रोमन.

---

मच्छे_मेकफाइल

लिबकर्ल घ्या. वेगासाठी नव्हे. ४० एमबीपीएसच्या लाइनवर या चारही लायब्रऱ्या लाइन भरून टाकतील, तिथे फरक शोधत बसू नका. बघायचं ते एवढंच की लाइन तुटल्यावर लायब्ररी तुम्हाला नेमकं काय सांगते. त्या बाबतीत लिबकर्लएवढे स्वच्छ एरर-कोड बाकीच्यांकडे नाहीत.

शिवाय हा रस्ता मळलेला आहे. आर्चचा पॅकमन २०११ मध्ये ४.० आवृत्तीपासून लिबकर्लवर आला, आणि २०२१ च्या ६.० मधलं समांतर डाउनलोड तिच्याच मल्टी इंटरफेसवर उभं आहे. फेडोराच्या डीएनएफखाली लिबरेपो, त्याखाली लिबकर्ल. ओपनसुसेच्या लिबझिपमध्येही तीच. डेबियनच्या एपीटीने मात्र एचटीटीपीचा स्वतःचा कोड ठेवलाय. त्यांच्याकडे तो सांभाळायला माणसं आहेत, तुमच्याकडे नसणार. एबीआयही, म्हणजे बांधलेल्या प्रोग्रामशी जुळणीचा साचा, २००६ पासून बदललेला नाही, एसओ क्रमांक अजून ४ च. म्हणजे लायब्ररी बदलली तरी अपडेटर पुन्हा बांधावा लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॉक्स-५ (प्रॉक्सीची एक पद्धत) मधली मेमरीची चूक ८.४.० ने दुरुस्त झाली, तेव्हा ज्यांनी स्टॅटिक लिंक केलं होतं, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच भरली होती, त्यांना सगळं नव्याने बांधावं लागलं. डायनॅमिकच ठेवा.

पण मूळची सेटिंग्ज तुमच्या कामाची नाहीत. एकेक बघा:

कनेक्टटाइमआउट मुळात ३०० सेकंद. एक आरसा (फाइलींची प्रत देणारा सर्व्हर) बंद असला तर पाच मिनिटं पडद्यावर काहीच हलणार नाही. २० करा.

टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. तो तसाच राहू दे. इथे बरेच जण ६०० वगैरे टाकतात आणि मग हॉटस्पॉटवर नीट चाललेलं डाउनलोड दहाव्या मिनिटाला स्वतःच मारतात. त्याऐवजी लो-स्पीड-लिमिट आणि लो-स्पीड-टाइम ही जोडी वापरा: सेकंदाला ५०० बाइटपेक्षा कमी, सलग ६० सेकंद, तरच तोडायचं. ही जोडीही मुळात बंद असते.

फेल-ऑन-एरर मुळात बंद. बंद असताना ४०४ चं पानही लायब्ररीच्या लेखी यशस्वी डाउनलोड. चालू करा, मग ४०० आणि वरच्या उत्तरांना एरर २२ मिळेल. तुमचं 'रिचार्ज करा' मात्र याने अडणार नाही, कारण ते पान २०० (सगळं ठीक) सांगत येतं. त्याला उपाय आकारमान आणि एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा, म्हणजे हॅश), आणि ही तपासणी लायब्ररीच्या बाहेर, अपडेटरमध्ये.

फॉलो-लोकेशन मुळात बंद. आरसे दुसरीकडे वळवतात, तेव्हा चालू करावंच लागेल. करताना रीडायरेक्टसाठी फक्त एचटीटीपीएस मोकळं ठेवा, आणि मॅक्स-रीडायरेक्ट ५.

नो-सिग्नल १. अपडेटरमध्ये थ्रेड असतील तर हे विसरू नका. ग्लोबल-इनिट थ्रेड सुरू होण्याआधी, एकदाच.

प्रगतीची पट्टी दाखवायची असेल तर नो-प्रोग्रेस ० करायला लागतं, मुळात १ असतं. कॉलबॅक लिहून ठेवला आणि तो कधी बोलावलाच गेला नाही, याचं कारण दहात नऊ वेळा हेच.

आता तुटलेलं पुढे चालू करणं. रिझ्यूम-फ्रॉम-लार्ज मध्ये अर्धवट फाइलचा आकार द्या. समजा २०० एमआयबी (एक एमआयबी म्हणजे १०४८५७६ बाइट) उतरलंय, तर सर्व्हरला 'रेंज: बाइट्स=२०९७१५२००-' जातं आणि उत्तर २०६ (फक्त मागितलेला भाग) यायला पाहिजे. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर जुनं डोकं आणि नवं धड जोडलं जाईल, म्हणून आधीच्या उत्तरातला ई-टॅग (सर्व्हरने दिलेली फाइलीच्या आवृत्तीची खूण) जपून ठेवून 'इफ-रेंज' हे हेडर स्वतः जोडा. लिबकर्ल ते आपणहून पाठवत नाही. फाइल बदलली असेल तर सर्व्हर २०० देऊन पूर्ण फाइल द्यायला लागतो आणि लिबकर्ल एरर ३३ देऊन थांबते. ३३ आला की अर्धवट फाइल पुसायची आणि शून्यापासून. ई-टॅग डब्ल्यू-स्लॅशने सुरू होणारा, म्हणजे कमजोर असेल, तर तो इफ-रेंजला चालत नाही.

याच कामासाठी नुसता 'रेंज' नावाचा पर्यायही आहे, तो वापरू नका. त्यात २०० आलं तरी लायब्ररी थांबत नाही. तुमचा कोड पूर्ण फाइल अर्धवट फाइलीच्या शेपटीला जोडून मोकळा होतो.

फाइल पूर्ण उतरलेली असताना पुढचा भाग मागितला तर ४१६ येतं. मागण्याआधी आकार ताडून बघा.

---

निपाणी_नोड

मेकफाइल अण्णांचं बाकी मान्य, पण लिबफेच अशी एका झटक्यात बाद करू नका. फ्रीबीएसडीच्या मूळ संचातली ती लायब्ररी, बीएसडी परवाना, कोड इतका आटोपशीर की एका संध्याकाळी पूर्ण वाचून होतो. अल्पाइनचा एपीके आणि व्हॉइडचा एक्सबीपीएस दोघेही तिची प्रत पोटात घेऊन फिरतात. इन्स्टॉलरच्या इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्ये चढणारी छोटी फाइल-सिस्टीम) मध्ये, जिथे एक-एक फाइल ओळीने आणायची आहे, तिथे ती शोभते. यूआरएलच्या स्ट्रक्चरमध्येच ऑफसेट असतो, तिथपासून पुढे आणते.

अडचण अशी की टाइमआउट आणि शेवटचा एरर दोन्ही ग्लोबल व्हेरिएबलमध्ये. म्हणून दोन थ्रेडमधून वापरायची सोय नाही. डेस्कटॉपवरच्या अपडेटरला नकोच.

परवान्याकडे मात्र कुणी बघितलेलं दिसत नाही. तुमचा अपडेटर जीपीएल २ 'फक्त' आहे ना? मग:

लिबडब्ल्यूगेट, म्हणजे डब्ल्यूगेट२ मधली लायब्ररी, एलजीपीएल ३ किंवा पुढची. जीपीएल २ 'फक्त' कोडला ती जोडता येत नाही. चांगली असली तरी इथेच बाद.

लिबआरिया२ जीपीएल २ किंवा पुढची, म्हणजे परवाना जुळतो. पण ती सी++ आहे, कन्फिगर करताना वेगळी सांगून चालू करावी लागते, आणि तुमच्या २ जीबीच्या यंत्रावर तिचं टोरंट, मेटालिंक हे सगळं ओझं कशाला? एका फाइलीचे पाच तुकडे करून पाच जोडण्यांनी ओढणं ही तिची खासियत. एकाच टॉवरवरच्या हॉटस्पॉटला त्याने फारसा फायदा नाही, शेजारच्या यंत्राचा वाटा मात्र खाल्ला जातो.

लिबकर्लचा स्वतःचा परवाना एमआयटीसारखा, त्यात अडचण नाही. पण टीएलएससाठी (एचटीटीपीएसमधलं सांकेतिकीकरण) तिला दुसरी लायब्ररी लागते, आणि ओपनएसएसएल ३.० पासून अपाची २.० वर गेलंय. अपाची २.० आणि जीपीएल २ 'फक्त' यांचं जमत नाही असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. बिल्डरूटच्या मेन्यूत लिबकर्लखाली टीएलएस निवडायची जागा आहे, तिथे एम्बेड-टीएलएस घ्या. ते अपाची २.० किंवा जीपीएल २-आणि-पुढे अशा दुहेरी परवान्यावर मिळतं. आकारही लहान. सगळ्या मूळ लेखकांची संमती मिळत असेल तर अपडेटरच 'जीपीएल २ किंवा पुढची' करून टाका, अर्धे वाद तिथेच मिटतील.

लिबकर्ल बांधताना एफटीपी, टेलनेट, गोफर, एलडॅप आणि मेलचे प्रोटोकॉल बंद करा. सीमेकने बांधत असाल तर त्यासाठी 'एचटीटीपी-ओन्ली' असा एकच पर्याय आहे.

मसल १.२.४ च्या आधीची असेल तर बदला. त्याआधी डीएनएसचं मोठं उत्तर टीसीपीवरून मागायची सोय तिच्यात नव्हती. काही सर्व्हरची नावं सापडतच नाहीत आणि दोष उगाच लायब्ररीवर येतो.

---

शहापूर_शेल

परवान्याची गोष्ट डोक्यातच नव्हती, धन्यवाद. दोन उपप्रश्न.

एक: लॅबमधल्या एका यंत्रावर गठ्ठा उतरवून बाकीच्यांना तिथून द्यायची चाचणी केली. पायथॉनमधला साधा एचटीटीपी सर्व्हर लावला होता. पहिल्यांदा नीट, पण निम्म्यावर केबल काढून परत लावली की प्रत्येक वेळी ३३. फाइल तर बदललेली नाही.

दोन: 'दुसऱ्या_सत्राचे_धडे' या नावाची फाइल सर्व्हरवर डोळ्यांना दिसते, ब्राउझरने सर्व्हरच्या यादीतून टिचकी मारून उतरते, पण अपडेटरला ४०४. 'पहिल्या_सत्राचे_धडे' ला काहीच अडचण नाही.

---

कंग्राळी_कर्नल

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं: पायथॉनचा तो सर्व्हर रेंज मानतच नाही, नेहमी २०० देऊन पूर्ण फाइल देतो. इंजिनएक्स लावा, नाहीतर बिझीबॉक्सचा एचटीटीपीडी, पण बांधताना त्यातला रेंजचा पर्याय चालू आहे का ते बघून.

दुसऱ्यात खरी गंमत आहे, आणि ती आपल्या 'ऱ्या' ची आहे. पहिल्या मध्ये तो नाही, म्हणून ती फाइल वाचली.

'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. दोन, साधा र ०९३० आणि त्याला नुक्ता ०९३सी. तीन, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखेच. यूटीएफ-८ मध्ये मात्र पहिल्याचे बाइट ई० ए४ बी१, दुसऱ्याचे ई० ए४ बी० ई० ए४ बीसी. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. धडे बनवणाऱ्याने एका कीबोर्डवरून टाइप केलं, अपडेटरची यादी बनवणाऱ्याने दुसऱ्या. ब्राउझर सर्व्हरने दाखवलेल्या यादीतले बाइट जसेच्या तसे पाठवतो म्हणून त्याला फाइल मिळते.

एनएफसी (युनिकोडची मजकूर एकसारखा करायची रीत) लावलं की पहिली दोन एक होतात. तिसरी होत नाही. झेडडब्ल्यूजे तसाच राहतो. म्हणून नावं दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइट, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हांत नाव संपलं. धड्यांची नावं त्याहून लांब निघतात.

सर्व्हरवर फाइलीचं नाव तिचा एसएचए-२५६ च ठेवा, ६४ आकडी. 'दुसऱ्या सत्राचे धडे' हे शीर्षक यादीच्या फाइलीत, मराठी आणि कन्नड दोन्ही. यातून आणखी एक काम आपोआप होतं: मजकूर बदलला की नावच बदलतं, त्यामुळे जुनं डोकं-नवं धड हा प्रकार उरत नाही आणि मेकफाइलने सांगितलेलं ई-टॅग, इफ-रेंज जपायची गरज नाही. रिझ्यूम-फ्रॉम-लार्ज तेवढं ठेवा.

अपडेटरच्या यादीवर डिजिटल सही करा, एड२५५१९ पद्धतीची, मिनिसाइन हे साधन पुरेसं आहे. यादीत चढता अनुक्रमांक घाला आणि हातातल्यापेक्षा लहान क्रमांकाची यादी आली तर नाकारा, नाहीतर जुनी यादी दाखवून कुणीही यंत्र मागे नेऊ शकतं.

करंट जाण्याबद्दल. डिस्कवर लिहिलं म्हणजे डिस्कवर पोचलं असं नसतं. अर्धवट फाइल '.पार्ट' नावाने उघडा, दर ८ एमआयबीला एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचवायला लावणं) करा. पुन्हा सुरू करताना फाइलीचा आकार ८३८८६०८ च्या पटीत खाली आणून तिथे कापा. शेपटाकडचा भाग अर्धामुर्धा असू शकतो. जास्तीत जास्त ८ एमआयबी पुन्हा उतरेल, एवढंच. पूर्ण झाली की हॅश तपासा, एफसिंक, मग रीनेम, मग त्या फोल्डरवरही एफसिंक. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. हॅश उतरवतानाच मोजत राहायचा मोह आवरा, पुढे चालू केल्यावर आधीचा भाग परत वाचावाच लागतो. ३८० एमबी जुन्या डिस्कवरून वाचायला पाच-सहा सेकंद, तेवढं सोसा.

आणि ती तीन यंत्रं. एरर ६० म्हणजे प्रमाणपत्र पटलं नाही. १७ चालतात आणि तीन नाही, तर त्या तिघांची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की यंत्र रोज सकाळी जुन्या सालात उठतं, आणि आजचं प्रमाणपत्र त्याला 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं. सेल बदला. सॉफ्टवेअरमध्येही एक करा: बूट होताना घड्याळ ओएसच्या बांधणीच्या तारखेच्या मागे असेल तर किमान त्या तारखेला आणून ठेवा, मग एनटीपीने नेटवरून वेळ घ्या. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. बिझीबॉक्सच्या स्वतःच्या टीएलएसमध्ये तपासणी नाहीच, ते एका ओळीत तसं छापतंही, म्हणूनच आजवर ही तीन यंत्रं लक्षात आली नाहीत.

सगळ्या यंत्रांवर ७७ आला असता तर गोष्ट वेगळी: प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याची फाइलच जागेवर नाही. बिल्डरूटमध्ये सीए-सर्टिफिकेट्स पॅकेज निवडायचं राहिलं की तो येतो.

---

निपाणी_नोड

लॅबमधल्या लॅबमध्ये वाटायची कल्पना सोडू नका, सर्व्हर तेवढा बदला. हिशेब बघा. ३८० गुणिले २० म्हणजे ७.६ जीबी. ४० एमबीपीएस म्हणजे आदर्श स्थितीत सेकंदाला ५ एमबी, सगळ्यांनी बाहेरून घेतलं तर पंचवीस मिनिटं, आणि तेवढा वेळ शाळेचं बाकी काम ठप्प. एकानेच घेतलं तर सव्वा मिनिट. पुढे १०० एमबीपीएसच्या स्विचवरून सेकंदाला साधारण ११ एमबी धरलं तर बाकीच्या १९ यंत्रांना मिळून साधारण अकरा मिनिटं, तीही बाहेरच्या लाइनला हात न लावता. हॉटस्पॉटवर तर प्रश्नच मिटतो: दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ७.६ जीबी बसत नाही, ३८० एमबी बसतं. देणाऱ्या यंत्राची डिस्कही शिणत नाही, ३८० एमबी एकदा वाचलं की रॅममधूनच जातं.

लॅबच्या आत साधं एचटीटीपी चालतं. यादीवर सही आणि नावातच हॅश असल्यावर मधल्या कुणी ढवळलं तर फाइल नापास होणारच. प्रमाणपत्राची आणि घड्याळाची कटकट मग फक्त बाईंच्या किंवा सरांच्या एका यंत्रापुरती उरते. यासाठी पत्ता ठरवताना अपडेटरने आधी लॅबचं यंत्र बघावं, कनेक्टटाइमआउट ३ सेकंद, नाही मिळालं तर बाहेर. आणि त्या एका बाबतीत एचटीटीपी मोकळं ठेवा, रीडायरेक्ट पूर्ण बंद.

सगळी यंत्रं प्रार्थना संपल्यावर एकदमच सुरू होतात. ० ते १५ मिनिटांत कुठेही, अशी यादृच्छिक उशिराची सोय ठेवा. अपयशानंतरचे प्रयत्न ५, १०, २०, ४० सेकंद असे वाढवत ५ मिनिटांवर थांबवा.

प्रॉक्सी असलेली शाळा भेटली तर: लिबकर्ल एचटीटीपीसाठीचं प्रॉक्सीचं व्हेरिएबल फक्त लहान अक्षरांत वाचते. मोठ्या अक्षरांत लिहून तास घालवू नका.

---

मच्छे_मेकफाइल

हॅशचं नाव ही युक्ती माझ्या इफ-रेंजपेक्षा बरी, ती घ्या.

एकच भर. लायब्ररीचे इंग्रजी संदेश पडद्यावर जाऊ देऊ नका. पाच-सहा कोडच वारंवार येतात, त्यांना मराठी आणि कन्नड वाक्यं लिहून ठेवा. ६: 'इंटरनेट चालू आहे का ते बघा'. ७: 'सर्व्हरशी जोडणी झाली नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होईल'. १८ आणि २८: 'लाइन तुटली, जिथे थांबलं तिथून आपोआप सुरू होईल', आणि सोबत किती एमबी उतरलंय तो आकडा, म्हणजे कुणी घाबरून यंत्र बंद करणार नाही. ६०: 'संगणकाची तारीख चुकीची दिसते', आणि खाली यंत्राची तारीख ठळक अक्षरांत. २३: हा तुमच्याच लिहिणाऱ्या फंक्शनने कमी बाइट परत दिले की येतो, बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते, 'जागा संपली' म्हणा आणि किती हवी तेही सांगा. ४२ ला काहीच दाखवू नका, तो 'रद्द करा' दाबल्यावरच येतो.